पत्र्याच्या घरातला एलिमिनेटर

रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यात माझं निम्मं डोकं गिऱ्हाइकांनी खाल्लं आणि उरलेलं निम्मं एलिमिनेटरनं. दिवाळी अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांची अपेक्षा होती की दुकानात कोण कोण मोठी माणसं यायची त्याबद्दल मी लिहावं. मी त्यांना सांगितलं, मोठी माणसं नवा रेडिओ घेतात, दुरुस्तीला येत नाहीत. दुरुस्तीला येतात ती तुमच्याआमच्यासारखी, आणि येण्याआधी घरी स्क्रू ड्रायव्हर घालून निम्मं काम बिघडवून येतात. त्यांच्याबद्दल लिहायचं असेल तर लिहितो. ते म्हणाले, लिहा, पण चिडून लिहू नका. ते काही माझ्या हातात नाही. आमच्या घरात कानडी बोलतात, आणि लग्न झाल्यापासून माझी बायको मला एकच वाक्य ऐकवत आली आहे, "निमग सिट्टु भाळ." तुम्हाला राग फार.

राग का येऊ नये, ते आता ऐका.

ट्रान्झिस्टर रेडिओ सेलवर चालायचा. दिवसभर लावला की पंधरा दिवसांत सेल बसायचे, मग गळायचे आणि आतल्या स्प्रिंगा हिरव्या करून ठेवायचे. त्यावर उपाय म्हणून एलिमिनेटर नावाची डबी आली. एका बाजूनं भिंतीतली वीज घ्यायची, तिला सेलइतकी मवाळ करायची आणि दुसऱ्या बाजूनं पिनेतून रेडिओला द्यायची. आज तुम्ही ज्याला ॲडॅप्टर नाहीतर चार्जर म्हणता, त्याचा हा थोरला चुलता. सत्तरच्या दशकात सोलापुरात घरोघरी हा दिसायला लागला आणि माझ्या दुकानात डोकेदुखी सुरू झाली.

कारण एलिमिनेटर जळतो. जळाला की दुसरा घ्यावा लागतो. आणि दुसरा घेताना गिऱ्हाईक फक्त पिन बघतं. पिन भोकात बसली की त्याच्या दृष्टीनं सोयरीक जमली. मुलामुलीची पत्रिका, कुळ, गाव काही बघायचं नाही, मांडवात उभी राहतात ना, मग झालं.

अकलूजकडचे एक ऊसवाले बागायतदार होते. त्यांचा टेपरेकॉर्डर सहा व्होल्टचा. ते म्हणाले, "सहाचा नगं, नवाचा द्या."

"टेपवर सहा लिहिलंय, दादा."

"लिवलंय ते कमीत कमी. जादा दिलं तर काय बिघडतंय? बैलाला पेंड जादा घातली तर बैल मरतोय व्हय?"

"बैलाचं पोट भरलं की तो तोंड फिरवतो. टेपला तोंड फिरवता येत नाही."

ते हसले आणि समोरच्या दुकानातून नवाचा घेऊन गेले. आठ दिवसांनी टेप बगलेत मारून परत. म्हणे, बुवांचं कीर्तन लावलं की बुवा बाईच्या आवाजात बोलायलेत, आणि कालपासून वासबी यायलाय. मी झाकण उघडलं. आत काय उरलं होतं ते सांगण्यात अर्थ नाही. वर त्यांचा प्रश्न, "मग तवाच नीट का सांगितलं न्हाय?"

माढ्याचे एक मास्तर तर शिकलेले. त्यांनी व्होल्ट बरोबर वाचले होते, त्याचा त्यांना फार अभिमान. पण एलिमिनेटर आणला होता चिमुकल्या रेडिओचा आणि लावला होता मोठ्या टेपला. व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर, तो जेवढ्यास तेवढाच हवा. मिलिअँपिअर म्हणजे नळाचं तोंड, ते मोठं असलं तर चालतं, यंत्र हवं तेवढंच पाणी घेतं. लहान असलं की नळ तापतो. मास्तरांचा इतका तापला की खालचा टेबलक्लॉथ करपला. शिवाय पिनेच्या मधल्या टोकाला प्लस आहे की मायनस, हे प्रत्येक कंपनी आपल्या लहरीप्रमाणे ठरवते. मास्तरांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण पिन तर बरोबर बसत होती."

असो. व्होल्ट, मिलिअँपिअर, प्लस-मायनस चुकलं तर यंत्र मरतं. यंत्राचं मला इतकं वाईट वाटत नाही, त्यावर माझं पोट होतं. चौथी गोष्ट चुकली तर माणूस मरतो, आणि ती डबीवर कुठंच लिहिलेली नसते.

चांगल्या एलिमिनेटरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकात भिंतीतली वीज फिरते, दुसऱ्यातून रेडिओची निघते, आणि दोन्ही एकमेकांना कुठंही शिवत नाहीत. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये भिंत असावी तसं. शेजारच्या भांडणाचा आवाज येतो, पण शेजारी काठी घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात येत नाही. लोखंड आणि तांबं म्हणजे वजन आलं, किंमत आली. म्हणून काही लोक ही भिंतच काढून टाकायचे. एक कंडेन्सर, एक-दोन डायोड, वर प्लॅस्टिकची डबी, की झाला एलिमिनेटर. व्होल्ट मोजा, बरोबर. रेडिओ लावा, खणखणीत वाजतो. पण रेडिओच्या आतला मायनस सरळ भिंतीतल्या वीजतारेला जोडलेला. असा माल मंगळवारच्या बाजारात चादरीवर ढीग घालून विकायला असायचा. मी तो न उघडता ओळखायचो. तळहातावर घ्यायचा. काड्यापेटीसारखा हलका लागला की परत द्यायचा.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. राजय्या माझ्याकडे आला तो असलीच हलकी डबी घेऊन.

राजय्या साखर पेठेच्या पलीकडच्या वस्तीत राहायचा, पॉवरलूमवर कामाला होता. घरी तेलुगू बोलणारा, मराठी सोलापूरची. घरात म्हातारी आई आणि बायको पद्मा. दोघी घरी विड्या वळायच्या. रेडिओ दोघींसाठी होता, कारण विड्या वळणं म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका जागी बसणं, आणि हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात.

"मालक, पिन तेवढं बदलून द्या. आमच्या रेडिओला बसंना झालंय."

मी डबी तळहातावर घेतली आणि परत दिली. "हे घरात ठेवू नको. दुसरा घे, ट्रान्सफॉर्मरचा."

"ह्ये चालतंय की. दुकानदारानं लावून दाखवलंय."

"चालतंय म्हणूनच नको म्हणतोय."

तो गेला. चार दिवसांनी आला. मी पुन्हा समजावलं, भिंतीचा दाखला दिला, दोन बिऱ्हाडं सांगितली. त्यानं मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघताच नाही म्हणालो. चौथ्यांदा आला तो शनिवारी संध्याकाळी. दुकानात पाच-सहा माणसं उभी, एकाचा रेडिओ माझ्यासमोर उघडा, आणि हा काउंटरवर डबी ठेवून तेच वाक्य त्याच सुरात म्हणाला, "मालक, पिन तेवढं."

माझं डोकं फिरलं. मी डबी ओढली, जुनी पिन कापली, नवी लावली. आणि बघा, रागातसुद्धा कारागिरी सोडली नाही. प्लस-मायनस तपासलं, मीटर लावून व्होल्ट बघितले, कथलाचा डाग चकचकीत दिला. मग डबी त्याच्या पुढ्यात टाकत म्हणालो, "ओल्या हातानं शिवू नका. झोपताना प्लग काढून ठेवा. आणि पुन्हा मला काही सांगायला येऊ नका." तो खूश होऊन गेला. मीही मोकळा झालो. सांगायचं ते सांगून टाकलं, आता त्याचं तो बघून घेईल.

दोन-अडीच महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी तो पुन्हा आला. त्या दिवशी त्याची पाळी दुपारची होती. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण खरखरायला लागलं होतं, नवं मागायला आला होता. रेडिओ आणला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "बायका सोडंनात मालक. कार्यक्रम चालू हाय म्हणल्या." मी बटण शोधत होतो आणि तो आपला गप्पा मारत उभा. बोलता बोलता हसून म्हणाला, "आमच्या घरात देवी आलीय मालक."

"अंगात?"

"अंगात न्हाय, पत्र्यात. घराचा पत्रा चावायलाय. दाराला हात लावला की मुंग्या येतेत. एक दिवस येतेत, एक दिवस न्हाय. आई म्हणती पोचम्मा हाय, कोपलीय. दाराला लिंबू बांधलंय."

माझ्या हातातलं बटण हातातच राहिलं. "घर पत्र्याचं आहे तुझं?"

"सगळं पत्र्याचंच की. भिंती, दार, वरचं."

"रेडिओच्या एरियलला काय जोडलंय?"

"तार जोडलाय पत्र्याला. हैदराबाद एकदम साफ लागतंय."

त्या वस्तीत ही रीतच होती. तेलुगू कार्यक्रम हैदराबादहून यायचे आणि साध्या रेडिओवर दिवसा ते धड ऐकू यायचे नाहीत. मग रेडिओच्या मागच्या एरियलच्या भोकात तार खुपसायची आणि तिचं दुसरं टोक घराच्या पत्र्याला गुंडाळायचं. अख्खं घर एरियल. एरवी त्यात काहीही वावगं नाही, उलट हुशारीच. पण एरियलची तार आत गेल्यावर एका बारीक वेटोळ्यातून सरळ मायनसला जाते. आणि राजय्याच्या रेडिओचा मायनस, मी लावलेल्या पिनेतून, भिंतीतल्या विजेला बांधलेला होता.

एक दिवस मुंग्या आणि एक दिवस नाही, ह्याचंही कोडं सुटलं. दोन पायांचा प्लग सुलटा बसतो तसा उलटाही बसतो. एका बाजूनं घातला तर रेडिओचा मायनस निरुपद्रवी तारेला लागतो, दुसऱ्या बाजूनं घातला तर जिवंत तारेला. राजय्या माझ्या सांगण्यावरून रोज झोपताना प्लग काढायचा आणि सकाळी हाताला येईल तसा घालायचा. म्हणजे त्याच्या घराच्या भिंतीत वीज येणार की नाही, ह्याचा रोज सकाळी छापाकाटा व्हायचा.

"आज चावायलाय का पत्रा?"

"काय की. म्या लवकरच निघालो."

"आई काय करतीय आत्ता?"

"आज मंगळवार की. आई पत्रा धुती. पाणी घालून, हळद-कुंकू लावून, पाया पडती. लई चावायला लागल्यापासून दर मंगळवारी करती."

मी दुकान तसंच उघडं टाकलं. शेजारच्या घड्याळवाल्याला ओरडून सांगितलं आणि राजय्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसलो. पत्रा कोरडा असतो, घरातली जमीन कोरडी असते, तोवर मुंग्यांवर भागतं. आता ती बाई स्वतःच्या हातानं सगळं ओलं करत होती. राजय्या पायडल मारत होता. त्यानं दोनदा विचारलं, "काय झालं ओ मालक?" मला सांगताच येईना. रागाच्या भरात तोंडाचा पट्टा सोडणं मला जमतं, भीती वाटली की मात्र माझी वाचा बसते.

वस्तीत शिरलो तर रेडिओ लांबूनच ऐकू येत होता. घरापुढे चिखल झालेला. दारात राजय्याची आई, लक्ष्मम्मा, ओलेत्या लुगड्यानं पाठमोरी उभी. एका हातात पितळी तांब्या आणि दुसरा हात, अख्खा ओला तळवा, दाराच्या पत्र्यावर. ती हळद लिंपत होती. काही होत नव्हतं. मला वाटलं, नशीब, आज प्लग सुलटा आहे. मी थांबलो, श्वास घेतला, हसूसुद्धा आलं असेल. तरी खिशातला टेस्टर काढला आणि तिच्यापासून दोन हातांवर भिंतीच्या पत्र्याला टेकवला.

टेस्टरमधला दिवा लागला.

मी खाली बघितलं. म्हातारी एका लाकडी पाटावर उभी होती. तिच्यात आणि चिखलात तेवढंच अंतर. पाट कडेनं भिजत आला होता.

"आजी, हलू नका, उतरू नका," मी म्हणालो. मराठी तिला जेमतेम यायची, त्यात रेडिओ मोठ्यानं लागलेला. कोणीतरी परका माणूस पूजेत काय आरडाओरडा करतोय ते बघायला ती वळली आणि एक पाय पाटावरून उचलला. हात पत्र्यावरच होता. मागून राजय्या सायकल टाकून ओरडला, "अम्मा, दिगोद्दू." उतरू नकोस. ती थबकली. पाय अधांतरी.

तिला धरून ओढणं म्हणजे तिच्याबरोबर आपणही चिकटणं. मी दाराला न शिवता, अंग चोरून आत उडी मारली. पायात रबरी चपला होत्या. आत पद्मा ओल्या पोत्याजवळ बसलेली. विडीची पानं मऊ राहावीत म्हणून ती ओल्या पोत्यात ठेवतात, त्यामुळे विड्या वळणाऱ्या बाईचे हात सदा दमट. ती घाईघाईनं उठून प्लगकडे हात न्यायला लागली. मी तिला "नको" म्हणून असा ओरडलो की ती जागच्या जागी बसली. तिच्या मांडीवर वेताचं सूप होतं, कोरडं. ते मी हिसकावलं, त्यातल्या विड्या घरभर झाल्या, आणि सुपाचा काठ तारेवर असा हाणला की प्लग भोकातून निसटला आणि तार, रेडिओ सगळं एकदम फळीवरून खाली आलं. हैदराबाद बंद झालं.

त्याच वेळी म्हातारीचा पाय चिखलात टेकला.

तिला काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणूनच पुढचा सगळा तमाशा. तिच्या दृष्टीनं घडलं ते इतकंच, की एक अनोळखी माणूस मंगळवारच्या पूजेत चपला घालून घरात घुसला, कुंकवाची वाटी लाथाडली, सुनेची सकाळपासूनची मेहनत उधळली आणि रेडिओ फोडला. तिनं तेलुगूत जे सुरू केलं ते मला शब्दशः कळलं नाही, पण दुरुस्तीच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्याला भाषा लागत नाही. राजय्या मध्ये उभा राहून दोघांच्या पाया पडायचा बाकी होता.

मी त्याला पत्र्यापुढे नेलं. प्लग पुन्हा घालून टेस्टर लावून दाखवला, उलटा करून दाखवला. एकदा दिवा लागतो, एकदा नाही. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हातारीनंही बघितलं. पत्र्याला काही टेकवल्याबरोबर आत लालसर उजेड दिसतो हे बघून तिनं हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला. आता काय सांगायचं, आणि कुठल्या भाषेत?

"चूक माझी आहे," मी राजय्याला म्हणालो. "पिन मी लावली."

"तुमी तर तीनदा नको म्हणलाव की मालक. म्याच ऐकलो न्हाय."

त्यानं हे मनापासून म्हटलं आणि मला ते लागलं. तीनदा नको म्हणालो होतो हे खरं. पण चारही वेळा मी डबीबद्दलच बोललो. रेडिओ कुठं ठेवतोस, घर कशाचं आहे, त्याला हात कोण लावतं आणि तो हात कसा असतो, ह्यातलं एक अक्षर मी विचारलं नव्हतं. विड्या वळणाऱ्या बायकांच्या घरी जाणाऱ्या रेडिओला मी "ओल्या हातानं शिवू नका" असं सांगितलं होतं. म्हणजे शिवूच नका. गिऱ्हाईक फक्त पिन बघतं म्हणून मी जन्मभर त्यांच्या नावानं खडे फोडले, आणि वेळ आली तेव्हा मीही पिनच बघितली.

पद्मा खाली वाकून विड्या गोळा करत होती. मीही तिच्याबरोबर गोळा करायला बसलो. मी विचारलं, "आई दर मंगळवारी पाटावर उभं राहूनच पूजा करतात का?"

"न्हाय ओ. खालीच असत्यात. आज लई पाणी सांडलं, पाय घसरंल म्हणून म्याच पाट दिलते."

शेवटची विडी सुपात टाकून मी फुटका रेडिओ आणि ती हलकी डबी उचलली. दुकानात आलो तर घड्याळवाला विचारत होता, एवढं काय झालं. मी तांब्याची तार शोधायला लागलो. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, दोन वेटोळ्यांच्या मध्ये कागद लागतो त्याच्या दुप्पट घातला, आणि रेडिओ दुरुस्त करून दोन्ही राजय्याच्या हाती पाठवलं. हलकी डबी मी हातोड्यानं फोडली. त्यानंतर कोणीही एलिमिनेटर मागायला आलं की व्होल्ट नंतर, आधी घर कसं आहे ते विचारायचो. लोक वैतागायचे. एक गृहस्थ म्हणाले, रेडिओ लावायचाय, मुलगी द्यायची नाहीये. ते गेले समोरच्या दुकानात. जाऊ दे.

पत्रा चावायचा थांबला. मंगळवारच्या पूजेला पोचम्मा प्रसन्न झाली, असं लक्ष्मम्मानं वस्तीभर सांगितलं. राजय्यानं तिला खरं कारण समजवायचा प्रयत्न केला असेल, पण ज्यानं माझं ऐकलं नाही त्याचं त्याच्या आईनं का ऐकावं? कुंकू सांडल्याचा राग मात्र तिनं सोडला नाही. पुढं कितीतरी वर्षं ती मंगळवारच्या बाजारात भाजी घ्यायला यायची, आणि मी दिसलो की हातातली पिशवी खाली ठेवून, कमरेवर हात देऊन, चार माणसांत मला तेलुगूत झाडायची. लोक थांबून बघायचे. मला एरवी कोणाचा अर्धा शब्द खपत नाही हे सगळ्या पेठेला ठाऊक. पण तिचं बोलणं संपेपर्यंत मी मान खाली घालून उभा राहायचो. एखाद्या मंगळवारी ती दिसली नाही, तर भाजी घेऊन झाल्यावरही तिथंच घुटमळायचो.